हात काळे झाले तर काय बिघडलं?

समजा, तुमची सोळा वर्षांची मुलगी रात्री जेवताना म्हणाली, "मला एक जुनी बीटल हवी आहे. बंद पडलेली असली तरी चालेल. तिची ड्रॅग रेसची गाडी करायची आहे, आणि इंजिन मागेच ठेवायचं आहे." तुम्ही काय म्हणाल?

आयर्लंडमधल्या आपल्या मराठी घरांत यावर साधारण चार उत्तरं तयार असतात. पहिलं, "हे धोक्याचं आहे." दुसरं, "याचा पुढे उपयोग काय?" तिसरं, "आणि पर्यावरणाचं काय?" हे बहुधा दारात दोन टनांची एसयूव्ही उभी असलेल्या घरात मिळतं. चौथं उत्तर कोणी बोलून दाखवत नाही, ते चेहऱ्यावर उमटतं: "हे करायला आलो का आपण इथे?"

माझं म्हणणं असं की ही चारही उत्तरं चुकीची आहेत. त्यातही चौथं हे बाकीच्या तिघांचं मूळ आहे. ते उत्तर आपण इथे आल्यावर शिकलो नाही, ते आपण सामानात बांधून आणलं.

पण आधी ती मुलगी नेमकं काय मागते आहे ते बघू, कारण आपण बहुतेक वेळा ते न बघताच नाही म्हणतो.

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या आणि एक सरळ पट्टी. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. हिरव्याच्या आधी हललात तर तांबडा लागतो आणि तुम्ही बाद. हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीचा नको तेवढा पत्रा काढून टाकून, तिला भारी इंजिन बसवून केलेली घरगुती शर्यतीची गाडी. तिची अमेरिकन परंपरा ठरलेली आहे: १९३२ची फोर्ड, पुढे व्ही-८ इंजिन, आणि ते सगळ्यांना दिसेल असं उघडं. इंजिन मागे न्यायचं म्हटलं की परंपरावाद्यांना गाडी बाटल्यासारखं वाटतं. परंपरा मोडताना तिचं कारण हिशेबाने मांडता यावं लागतं, आणि इथे तो हिशेब दहावीच्या भौतिकशास्त्रात बसतो.

चालकासकट ८०० किलोची गाडी घ्या. बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४ मीटर आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे असं धरा. गाडी गुरुत्वाच्या ०.६ पट त्वरणाने सुटली तर पुढच्या चाकांवरचं वजन मागच्या चाकांवर सरकतं. किती? ८०० गुणिले ०.६ गुणिले ०.५, भागिले २.४. बरोबर १०० किलो. इंजिन मागे असलेल्या गाडीत उभ्या उभ्याच ६० टक्के वजन, म्हणजे ४८० किलो, मागच्या चाकांवर असतं. सुटताना ते ५८० होतं. इंजिन पुढे असलेल्या गाडीत मागे ४५ टक्के धरले तर ३६०चे ४६० होतात. दोन्ही गाड्यांना ढकलायला जोर लागतो तेवढाच, ४८० किलोंच्या वजनाइतका. म्हणजे पहिल्या गाडीच्या टायरला घर्षणांक लागतो ०.८३, दुसरीच्या टायरला १.०४. साध्या टायरला कोरड्या रस्त्यावर पहिला आकडा जमू शकतो. दुसरा त्याच्या आवाक्याबाहेर जातो आणि चाकं जागच्या जागी फिरून नुसता धूर निघतो.

आता याची दुसरी बाजू. त्याच क्षणी पुढच्या चाकांवर उरतात फक्त २२० किलो. स्टिअरिंग हलकं पडतं, पुढची चाकं उचलली जाऊ शकतात, म्हणून मागे छोट्या चाकांचा आधारदांडा लावावा लागतो. शिवाय शेपूट जड असलेला बाण सरळ जात नाही, तशी मागे जड असलेली गाडी जरा बिथरली की मागचा भाग पुढे येऊ बघतो. जुन्या बीटलच्या मागच्या अॅक्सलची रचना अशी आहे की मागचा भाग उचलला गेला तर चाकं आत दुमडायला लागतात. त्यावरही उपाय शोधावा लागतो. म्हणजे ती मुलगी खेळणं मागत नाही. ती एक प्रश्न मागते आहे, ज्याच्या प्रत्येक उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो. याच गोष्टीसाठी आपण शिकवणीवाल्यांना पैसे मोजतो आणि ती मिळतेच असं नाही.

बरं, इंजिन मागे ठेवणं हे काही परग्रहावरचं वेड नाही. जर्मनीबाहेर जोडली गेलेली पहिली बीटल १९५० साली डब्लिनमध्येच, शेलबर्न रोडवर, तयार झाली. बाहेरून आयत्या आणलेल्या गाड्यांवर त्या काळी आयर्लंडमध्ये जबर जकात होती, म्हणून सुटे भाग खोक्यांतून यायचे आणि इथले कामगार गाडी जोडायचे. त्या बीटलचं इंजिन चार मुख्य बोल्टांवर मागे टांगलेलं असतं. हत्यारं जवळ असतील तर ते एका दुपारी खाली उतरवून, बघून, परत चढवता येतं. बेटाच्या उत्तरेला, बेलफास्टजवळच्या डनमरीत, १९८१-८२ मध्ये डीलोरियन गाडी बनत होती. तिचंही इंजिन मागे. वजनाची वाटणी पुढे ३५ आणि मागे ६५ टक्के. कंपनी बुडाली, पण त्या अशांत वर्षांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट कामगारांनी एका छपराखाली जवळपास नऊ हजार गाड्या बांधल्या.

आणि आपल्याकडे? तुम्ही पुण्यात किंवा ठाण्यात ज्या रिक्षातून शाळेत गेलात, तिच्यावर 'आरई' ही अक्षरं वाचल्याचं आठवतंय? त्याचा अर्थ रिअर इंजिन. बजाज ऑटोने १९७७ साली मागच्या इंजिनाची रिक्षा आणली. २००८ मध्ये दिल्लीत दाखवलेल्या नॅनोचं ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिनही मागेच होतं. म्हणजे आपण आयुष्यभर मागच्या इंजिनाच्या पुढे बसून आलो आहोत. फक्त मागे वळून ते उघडून बघितलं नाही.

आता पहिलं उत्तर: धोका. धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण धोक्याचं काय करायचं असतं याचं या खेळातलं सर्वांत मोठं उदाहरण मागच्या इंजिनाचंच आहे. ८ मार्च १९७० रोजी लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स पट्टीवर डॉन गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग तुटून गेला. तोवर सर्वांत वेगवान ड्रॅगस्टरमध्ये इंजिन पुढे आणि चालक त्याच्या मागे, अशीच पद्धत होती. तेल, आग, फुटलेल्या क्लचचे तुकडे, जे काही उडेल ते चालकाच्या अंगावर. इंजिन मागे नेण्याचे प्रयत्न आधी झाले होते, पण त्या गाड्या सरळ जात नसत, आणि त्यामुळे ती कल्पनाच मोडीत काढली गेली होती. गार्लिट्सने पुन्हा ती गाडी बांधली. दोष इंजिनाच्या जागेपेक्षा स्टिअरिंगच्या चपळाईत होता. थोडं वळवलं की गाडी फार वळायची. त्याच्या माणसांनी स्टिअरिंग मंद केलं आणि गाडी सरळ धावली. १९७१ साली पोमोनाची विंटरनॅशनल्स शर्यत त्याने याच गाडीवर जिंकली, आणि काही वर्षांत त्या वर्गातल्या सगळ्यांचीच इंजिनं मागे गेली.

पाय गमावल्यावर "नशीब" म्हणणं सोपं होतं, खेळ सोडणंही सोपं होतं. त्याने धोक्याचं कारण शोधलं आणि ते कारण चालकाच्या पाठीमागे नेऊन ठेवलं. मुलांना धोक्याविषयी याहून चांगला धडा मी तरी ऐकलेला नाही.

आणि आपण कुठल्या धोक्याविषयी बोलतो आहोत? आयर्लंडमध्ये सतरा पूर्ण झाली की शिकाऊ परवाना मिळतो आणि आपण मोठ्या कौतुकाने मुलांना किल्ली देतो. इथल्या ग्रामीण स्थानिक रस्त्यांची वेगमर्यादा फेब्रुवारी २०२५ मध्ये ताशी ८० किलोमीटरवरून ६०वर आणावी लागली. समोरून ट्रॅक्टर येतो, बाजूला दगडी कुंपण, वळणापलीकडचं दिसत नाही. तो धोका आपल्याला चालतो, कारण तो सगळेच घेतात. शर्यतीच्या पट्टीवर मात्र गाडीची तपासणी झाल्याशिवाय ती पुढे सरकत नाही, हेल्मेट आणि पट्टे घातल्याशिवाय चालक बसत नाही, समोरून कोणी येत नाही. अमेरिकेत १९९०च्या दशकात सुरू झालेले ज्युनिअर ड्रॅगस्टर तर मुलांसाठीच आहेत: अर्ध्या आकाराची गाडी, चालकाच्या मागे एका सिलिंडरचं इंजिन. इंग्लंडमध्ये बेडफर्डशरच्या जुन्या विमानतळावर १९६६ पासून सांता पॉडची पट्टी आहे, डब्लिनहून होलीहेडची बोट धरून तिथे जाता येतं. वेगाची हौस सोळाव्या वर्षी येतेच. ती नियमांच्या जागी न्यायची की रात्री अकरानंतर एखाद्या रिकाम्या औद्योगिक वसाहतीत सोडायची, एवढाच निर्णय पालकांच्या हातात असतो.

एक अट मात्र तुम्ही जरूर घाला. या कामात 'जुगाड' चालणार नाही. आपल्याला या शब्दाचा फार अभिमान. तारेने बांधलं, चिंधी कोंबली, चाललं. पाव मैलाच्या शेवटी ब्रेक लागायचा असतो, तिथे चिंधी उपयोगी पडत नाही. प्रत्येक बोल्ट किती घट्ट करायचा याचा आकडा असतो आणि तो टॉर्क पान्याने मोजून घट्ट करायचा असतो. मागच्या इंजिनाची गाडी बांधणारं पोर जुगाडाला नकार द्यायला शिकतं. आपल्या समाजासाठी हे थोडं शिक्षण नाही.

दुसरं उत्तर: उपयोग काय? इथे तुम्हाला वाटेल की मी कॉलेज प्रवेशाच्या अर्जात हे किती छान दिसेल ते सांगणार. नाही सांगणार. दर गोष्टीला अर्जातली एक ओळ समजण्याच्या सवयीनेच आपली ही गत झाली आहे. लीव्हिंग सर्टच्या वर्षी आपल्या घरांत एकच आकडा ऐकू येतो, ६२५ गुण. त्याच लीव्हिंग सर्टमध्ये 'इंजिनिअरिंग' नावाचा विषय आहे, ज्यात धातूकाम करून प्रत्यक्ष वस्तू बनवावी लागते. आपल्यातले किती जण तो विषय मुलांना घेऊ देतात? "तो हुशार मुलांसाठी नाही" हे वाक्य मी इंजिनिअर आईबापांच्या तोंडून ऐकलं आहे. मुलाने इंजिनिअर व्हावं ही आस आणि त्याने इंजिनला हात लावू नये ही दक्षता, या दोन गोष्टी एकाच घरात सुखाने नांदतात.

याच देशात मोटर मेकॅनिकची चार वर्षांची शिकाऊ उमेदवारी आहे. पगार घेत शिकता येतं, शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. आयरिश शेजाऱ्याचा मुलगा ती करतो तेव्हा आपण म्हणतो, "छान, हाताला काम आहे." आपलं पोर तसं म्हणालं तर आपण पुण्याला फोन लावतो. लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवणजवळच्या वराड गावाचं नाव आपण अभिमानाने घेतलं, आणि घ्यावंच. पण डॉक्टरचा मुलगा डॉक्टर आणि मग पंतप्रधान, हा एकच साचा आपण यश म्हणून ओळखतो का, हेही विचारायला हवं.

आता ते चौथं, न बोललेलं उत्तर. हात काळे करणारं काम हलकं, हे आपल्याला कोणी शिकवलं? गावगाड्यात लोहाराने नांगराचा फाळ दिला, सुताराने गाडा दिला, आणि पंगतीत त्यांची जागा खालची ठरली. लेखणी वर, हत्यार खाली. ही उतरंड आपण विमानातून जशीच्या तशी आणली. त्यातली गंमत अशी की दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो. डब्लिनच्या कुठल्याही उपनगरात बघा, दारातल्या गाडीला झेंडूची माळ असते, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक असतं. बॉनेटखाली काय आहे हे मात्र पूजा करणाऱ्याला ठाऊक नसतं. पंक्चर झालं तर तो फोन लावतो. पूजा करायची आणि हात लावायचा नाही, याला आदर म्हणत नाहीत. याला दूर ठेवणं म्हणतात, आणि दूर कसं ठेवायचं हे आपल्या समाजाला फार चांगलं येतं.

आपल्याकडे वेगळी माणसं नव्हती असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हीजेटीआयमधली शिक्षकाची नोकरी सोडली. १८८८ साली बेळगावात सुरू झालेल्या सायकलच्या दुकानातून पुढे लोखंडी नांगर आला, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ साली 'मीरा' नावाच्या छोट्या गाडीचा पहिला नमुना स्वतः बनवला. ती गाडी बाजारात कधीच आली नाही. किती मराठी घरांत हे दुसरं नाव माहीत आहे?

त्याऐवजी आपण काय माहीत करून घेतलं? शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं, हा मजकूर वर्षातून दोनदा मंडळाच्या ग्रुपवर फिरतो. त्याला त्या काळातला भक्कम पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला दिला जातो, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवलं. आपण आज ज्या बेटावर राहतो, तिथल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, हॅरी फर्ग्युसन, भावाच्या बेलफास्टमधल्या गॅरेजात काम शिकला, आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरोला स्वतः बांधलेल्या विमानातून उडाला. पुढे त्याने ट्रॅक्टरला नांगर जोडण्याची अशी पद्धत काढली, जी आज जगभरच्या शेतात दिसते. हा फरक बुद्धीचा नाही. एका बाजूला गॅरेज होतं, दुसऱ्या बाजूला फॉरवर्ड केलेला मजकूर आहे.

आणि परदेशी गेलेल्यांविषयी बोलायचं तर आणखी एक गोष्ट. वेस्ट कॉर्कच्या बॅलिनास्कार्थीहून विल्यम फोर्ड १८४७ साली दुष्काळाच्या काळात अमेरिकेला गेला. त्याचा मुलगा हेन्री १८७९ मध्ये, सोळाव्या वर्षी, बापाची शेती सोडून डेट्रॉइटच्या यंत्रशाळांत काम करायला निघून गेला. ज्या फोर्ड गाड्यांपासून हॉट रॉडची परंपरा सुरू झाली, त्या अशा एका स्थलांतरिताच्या घरातून निघाल्या. १९१७ मध्ये हेन्रीने कॉर्कमध्येच कारखाना काढला. परदेशात आलेल्या आईबापांना वाटतं, आपण जे कमावलं ते मुलांनी सांभाळावं. पण स्थलांतराचा खरा फायदा नेमका उलटा असतो. जुन्या गावात "आपल्यातली मुलं हे करत नाहीत" म्हणणारी माणसं समुद्रापलीकडे राहिलेली असतात. आपण त्यांना व्हिडिओ कॉलवर परत घरात बोलावतो, ही आपली हौस.

राहिलं तिसरं उत्तर, पर्यावरण. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, म्हणून त्याला आकड्याने उत्तर देतो. चाळीस वेळा पाव मैल धावलं तर सोळा किलोमीटर होतात. तुमच्या घरातून ऑफिसला जाऊन येण्याइतके. शिवाय त्या बीटलमध्ये पेट्रोलचंच इंजिन हवं असा कायदा नाही. अपघातात निकामी झालेल्या विजेच्या गाडीची मोटर मागे बसवता येते, आणि सुटताना लागणारा जोर मोटर पहिल्या क्षणापासून देते. मग ४०० व्होल्टच्या बॅटरीशी कसं वागायचं हे शिकावं लागेल, आणि ते जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच शिकावं. पण जिला भंगारातली गाडी पुन्हा उभी करायची आहे, तिला पर्यावरणाचा धडा द्यायचा, आणि स्वतः दर तीन वर्षांनी हप्त्यावर नवी गाडी घ्यायची, हे जरा जास्तच होतं.

पैशांचा मुद्दाही रास्त आहे. पण ड्रॅग रेसमध्ये एक पद्धत अशी आहे की चालकाने आपली वेळ आधी जाहीर करायची. संथ गाडीला तेवढी आघाडी मिळते. जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचलात तर सहसा तुम्ही हरता. तिथे सोळा सेकंदांची बीटल दहा सेकंदांच्या गाडीला हरवू शकते. जिंकतो तो, ज्याला आपली गाडी नेमकी काय करेल हे ठाऊक असतं. स्वतःविषयी खरा आकडा सांगायचा आणि तो पाळायचा. आपल्या मुलांनी एवढं शिकलं तर मला तरी आणखी काही नको.

तेव्हा माझं मागणं अगदी छोटं आहे. ट्रान्झिशन इयर नावाचं एक अख्खं वर्ष या देशाने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना दिलं आहे. त्यातले काही आठवडे वकिलाच्या ऑफिसात फोटोकॉपी काढण्याऐवजी एखाद्या गॅरेजात जाऊ द्या. मंडळाच्या गणेशोत्सवात नाच आणि गाण्याच्या जोडीला एक टेबल ठेवा, त्यावर एक उघडलेलं इंजिन ठेवा, आणि जे काका आयटीआय करून आले पण इथे ते सांगत नाहीत, त्यांना ते मुलांना समजावून द्यायला सांगा. त्यांना व्यासपीठावरही बोलवा, आणि शाल त्यांच्याही खांद्यावर घाला.

आणि जेवताना मुलीने बीटल मागितली तर लगेच हो म्हणू नका. विचारा: पुढच्या चाकांवर किती वजन उरेल? तिने कागद पुढे ओढून हिशेब केला, तर गॅरेजमधली बंद खोकी हलवून जागा करा. भारतातून आल्यापासून ती उघडली गेलेली नाहीत, त्यात काही महत्त्वाचं नसणार.